रिसिव्हरच्या दोरीचा जोड

ता. १७, गुरुवार

वन्संना वहिनीचा नमस्कार.

देवाच्या कृपेने आम्ही दोघं ठीक आहोत. तुम्ही, तुमचे यजमान आणि लेकरं खुशाल असावीत अशी रोजची प्रार्थना आहेच.

पार्सल काल दुपारी पोचलं. आत निघालं ते असं: सुती गाऊन एक, पुढून बटणांचा. लोकरीचे मोजे एक जोड. मऊ उशी एक, अभ्र्यासकट. पाठीला लावायच्या मलमाच्या नळ्या दोन. आणि पत्र. काही फुटलं नाही, ओलं झालं नाही. तिकिटं कमी लावली होतीत म्हणून इथे साडेसात भरावे लागले. जिना चढून आणल्याचे टपालवाल्याने दोन मागितले, मी एक दिला. एकूण साडेआठ. मागायचे म्हणून लिहीत नाही. वहीत लिहिलं, म्हणून इथेही लिहिलं.

उशी पाठवलीत त्यावरून फोनवर तुमच्या कानावर काय काय घातलं गेलं ते कळतंच. तसं ते मला तेव्हाही कळत होतं. भिंत पातळ आहे.

तुमच्या पहिल्या पत्राचं उत्तर माझ्याकडून राहिलं. दोन्हींचं आता एकदम देते, एक पाकीट वाचेल. दोन्ही पत्रांत तुम्ही विचारलंय ते एकच: त्या रविवारी फोनवर 'येऊ नकोस' म्हणाल्या त्या आईच का, आणि म्हणाल्या तर मनापासून म्हणाल्या का. दुसऱ्या पत्रात आणखी एक ओळ होती, 'की वहिनी, तुम्ही तिचं मन फिरवलंत?' ती तुम्ही खोडलीत. खोडलेलं वाचता येतं, वन्सं. अशा वेळी नवा कागद घ्यावा.

उत्तर देणार आहे. खोटं बोलायची मला सवय नाही, सकाळ-संध्याकाळ देवापुढे उभं राहायचं असतं. पण आधी टेलिफोनचं सांगू द्या. ते सांगितल्याशिवाय बाकीचं तुम्हाला कळायचं नाही.

तुम्ही घर सोडलंत तेव्हा तुमचे दादा टेलिफोन खात्यात होते. नवी यंत्रं आली तशी त्यांच्या हाताखालची माणसं कमी झाली, मग तेही कमी झाले. शेवटच्या दिवशी घरी येताना काय आणलं, तर भंगारात निघालेले चकतीचे टेलिफोन, दोन पोती भरून. मी म्हटलं, "पेन्शन हल्ली पोत्यातून देतात वाटतं." पण देवाला काळजी. लोकांना तीच जुनी काळी धुडं दिवाणखान्यात हवीशी झाली आणि आमच्या जेवणाच्या टेबलाचा कारखाना झाला. तरी गिऱ्हाईक टिकवणं यांना जमत नाही. एक दातांचे डॉक्टर आले होते. म्हणाले, "वाजला नाही तरी चालेल हो, नुसता दिसला पाहिजे." हे म्हणाले, "मग फोटो लावा भिंतीवर." गेलं गिऱ्हाईक. मी जिन्यात गाठून परत आणलं.

दोन वर्षांमागे यांच्या हाताला कंप सुटला आणि नजर उतरली. बारीक स्क्रू हातातून निसटायचा आणि आम्ही दोघं गुडघ्यांवर, फरशी चाचपत. शेवटी एक दिवस मीच म्हटलं, "सरका." तेव्हापासून पेटी पुसणं, पितळ घासणं आणि गिऱ्हाइकाशी भांडणं त्यांच्याकडे. उघडणं, बिघाड शोधणं, तारांना कथलाचा डाग देणं माझ्याकडे. मॅट्रिकला शास्त्रात बरे गुण मिळाले होते, ते असे उपयोगाला आले.

फोनवर मात्र हे बोलत नाहीत. दहा टेलिफोन नीट करतील, पण घंटा वाजली की "बघ गं कोण आहे." आणि तुम्ही घर सोडलंत तेव्हापासूनची, तुमच्याशी न बोलण्याची त्यांची शपथ तुम्हाला ठाऊक आहे. ती त्यांनी मोडली नाही. पण रविवारी चार वाजता पलीकडच्या खोलीत पितळ घासण्याचा आवाज थांबायचा. ते मी ऐकलंय.

तुम्ही पाठवलेला टेलिफोन तुमच्या वडिलांच्या वेळचा. जाताना तो उचलून नेलात तेव्हा तुमच्या आई आठ दिवस त्या रिकाम्या कोनाड्याकडे बघत बसल्या होत्या, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. नऊ वर्षांनी परत आला तो मुका होऊन. 'दादाला सांगा नीट करा आणि आईच्या उशाशी ठेवा, मी दर रविवारी चारला फोन करीन,' असं तुमचं पत्र. तुमच्या आईंना नीट दिसत नव्हतं. पार्सल उघडून मी त्यांच्या मांडीवर ठेवलं, त्यांनी चकतीच्या भोकांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हा आपलाच. सातच्या भोकाशी टवका उडालाय बघ." मग तो पोटाशी धरला. मला म्हणाल्या, "अगं ए, हळू हं. तुझा हात जड आहे."

जड हाताने काय केलं ते ऐका. घंटेचा टोला वाकला होता, सरळ केला. रिसिव्हर ठेवायच्या खटक्याखाली पितळी पत्र्या असतात, त्यांच्यामधून कोऱ्या कागदाची पट्टी ओढली, हिरवं निघालं, पट्टी स्वच्छ येईतो ओढत राहिले. बोलायच्या डबीत कोळशाचे दाणे असतात. डबी वर्षानुवर्षं पडून राहिली की ते घट्ट बसतात आणि आवाज पुढे जात नाही. टेबलाच्या कडेवर हलकेच आपटून ते मोकळे केले. चकतीत कुणीतरी डोक्याचं तेल घातलं होतं, त्याचा चिकटा झालेला. तुमच्या यजमानांशिवाय हे कुणाला सुचेल असं वाटत नाही. चकती शून्यापर्यंत फिरवून सोडली की ठरल्या वेळात जागेवर यावी लागते. यांच्याकडे त्याला खात्याचं घड्याळ होतं. मी चकती सोडते आणि देवाचं नाव घेते. नाव संपताना थांबली तर नीट. तुमची चकती नाव संपून दोन श्वास झाले तरी रेंगाळत होती. धुऊन, पुसून, आतली स्प्रिंग एक वेढा घट्ट करून ती नावावर आणली.

राहिली रिसिव्हरची दोरी. सुताच्या विणीची, आत चार तारा. दोन बोलायच्या, दोन ऐकायच्या. ऐकायची एक तार रिसिव्हरच्या मानेपाशी आतल्या आत तुटली होती. सुटे भाग आम्हाला खालचे घड्याळजी मागवून देतात. त्यांनी दोरी वाकवून पाहिली.

"वहिनी, ही बदला. इथे जोड टिकत नाही. सारखी वळते, ओढली जाते."

"टिकवला की टिकतो."

"अहो, बत्तीस तर पडतात नव्या दोरीचे!"

"तुम्हाला पडतात, घड्याळजी. आमचे जातात."

ते हसले. मी घरी येऊन दुसऱ्या एका मोडक्या टेलिफोनमधली बोटभर तार काढून जोड दिला, डाग दिला, वरून दोरा गुंडाळला. बोलायच्या बाजूने फुंकर मारली की ती आपल्याच कानात ऐकू यायला हवी. आली. खणखणीत आली.

तो जोड ही माझी चूक. तेवढी मी माझ्या नावावर घेते.

पहिल्या रविवारी तुमच्या आई दोन वाजल्यापासून केस विंचरून घेऊन बसल्या होत्या, जशा काही तुम्ही तारेतून बघणार होतात. घंटा वाजली, आणि मग अर्धा तास नुसतं, "काय खातेस? ... धाकट्याला दात आले का? ... हं, अगदी आजोबांवर गेलाय मग! ... आवाज ओला का गं तुझा? रडतेस? मेले, रडायला पैसे पडतात तिकडे, बोल काहीतरी!" त्यांना असं हसताना मी कधी ऐकलं नव्हतं. मी दाराशी होते. त्यांच्यासाठी भाताची पेज घेऊन उभी होते, ती गार झाली.

दुसऱ्या रविवारी हसणं झाल्यावर माझा नंबर लागला. "एकच उशी देते गं. दुसरी मागितली तर म्हणते मान धरेल. साबण देते तो बोटाएवढा. खिडकीशी खाट होती ती आत ओढलीन. आणि सकाळी माझ्या खाटेशी उभी राहून मोठ्यानं प्रार्थना म्हणते, मी मेलेच आहे असं समजून."

हे सगळं खरं आहे. दोन उशांनी मान धरते, डॉक्टरांनी सांगितलं होतं. बोटाएवढ्या साबणाने अंग स्वच्छच निघतं. खिडकीतून वारा यायचा आणि खोकला व्हायचा, रात्रभर उठायचं मला असायचं. आणि प्रार्थना मी त्यांना ऐकवायलाच म्हणत होते. त्यांच्या तोंडून देवाचं नाव म्हणून यायचं नाही, कुणीतरी घ्यायला हवं होतं. मी काय करते ते त्यांनी तुम्हाला सांगितलं. का करते ते त्यांनी मला कधी विचारलं नाही.

एकोणीस वर्षांत त्यांनी मला सून म्हणून हाक मारलेली आठवत नाही. 'अगं ए', नाहीतर 'ही'. "हिच्या हाताला चव नाही आणि तोंडाला गोडी नाही." मी एकदा म्हटलं, "गोडी महाग झालीय, सासूबाई." दोन दिवस जेवल्या नाहीत. यांनी मला माफी मागायला लावली. मी मागितली, आणि त्यांनी भिंतीकडे तोंड करून ऐकली.

आता तिसरा रविवार. नीट वाचा.

सकाळपासून त्यांचं पोट बिघडलं होतं. चारला पाच कमी असतील, त्यांच्याकडून अंथरुणात झालं. मी कोमट पाण्याची बादली आणि फडकी घेऊन निघाले, तेवढ्यात घंटा वाजली. त्या डाव्या कुशीवर वळल्या आणि रिसिव्हर उचलला. वळताना दोरी कोपराखाली सापडून ताणली, आणि माझा जोड आतून उघडला. ऐकायची तार तुटली. बोलायच्या शाबूत होत्या. म्हणजे त्या बोलतील ते तुम्हाला लख्ख ऐकू जात होतं, आणि त्यांच्या कानात शुकशुकाट.

त्या एकदा "हॅलो, कुठं गेलीस?" म्हणाल्या आणि कान देऊन थांबल्या, तुम्हाला वाटलं असेल लाइन लागली. रिसिव्हर गालाशी तसाच धरलेला. मी दारात पोचले आणि म्हटलं, "आधी स्वच्छ करून घेते, मग बोला. वास सुटलाय." दारापासचं बोलणं तो टेलिफोन पकडत नाही, तोंड अगदी जवळ लागतं. म्हणून माझं तुम्हाला काही ऐकू आलं नाही. तुम्ही लिहिलंय, नेमक्या त्याच वेळी तुम्ही त्यांना विचारत होतात, 'आई, बुधवारच्या गाडीने येऊ का मी?'

लेकीशी बोलताना मी त्यांना तशा अवस्थेत पाहावं, हे त्यांना सोसलं नाही. दुसरं काही नाही. चादर छातीपर्यंत ओढून ओरडल्या, "येऊ नकोस! लांब राहा. तुझं तोंड बघायचं नाही मला. इतकी वर्षं जाळलंस, आता मरताना तरी माझ्यासमोर येऊ नकोस."

पत्रात तुम्ही त्यांचे शब्द अगदी बरोबर लिहिलेत. एक इकडचा तिकडे नाही. पण ते तुम्हाला नव्हते. मला होते.

तुम्ही फोन ठेवलात. त्यांना तेही कळलं नाही. त्या आणखी थोडा वेळ "हॅलो" करत होत्या. मी आत गेलेच. न जाऊन कसं चालेल? पाणी निवत होतं. पुसलं, चादर बदलली, पावडर लावली. गार पाण्याने पुसलं असं मात्र कुणी म्हणू नये.

तोवर मलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. गुरुवारी तुमचं पहिलं पत्र आलं. 'आईनं मला हाकललं. वहिनी, हे खरं असेल तर मी पुन्हा त्रास देणार नाही. तुम्ही बोलवलंत तरच येईन.' वाचता वाचता मला सगळं कळलं. उठले, त्यांच्या खोलीत गेले, रिसिव्हर कानाला लावून फुंकर मारली. काही नाही. दोरी मानेपाशी दाबून धरून मारली. आली. म्हणजे जोडच. दहा मिनिटांचं काम होतं, आणि तुम्हाला एका ओळीचं कार्ड: 'ते बोलणं मला होतं, तुम्ही या.'

त्या झोपल्या होत्या. पेचकस मी हातात घेतलाही होता. मग मनात आलं, एक दिवस राहू दे. माझं तोंड बघायचं नाही ना, एक दिवस लेकीचा आवाजही नको. एकच दिवस म्हटलं होतं, देवाशप्पथ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची वेणी घालत होते. त्यांनी मागे हात करून माझं मनगट धरलं.

"बाळ," म्हणाल्या.

मी वळून पाहिलं, कोण आलं म्हणून. कुणी नव्हतं.

"बाळ, ती रागावली का गं माझ्यावर? रविवारी बोललीच नाही. नुसती गप्प. तू लिही ना तिला. आई वाट बघतेय म्हणावं. तुझं अक्षर चांगलं आहे. तू लिहिलंस तर येईल ती."

वन्सं, या घरात आले तेव्हा मी विशीत होते. मला स्वतःची आई नव्हती, हे तुम्हाला माहीत आहे. तो एक शब्द ऐकू यावा म्हणून मी काय काय केलं ते सांगत बसत नाही, तुम्हाला खोटं वाटेल. मग ती आशाही मी सोडली होती, आणि सुखात होते. तो शब्द मिळाला तो असा. तुम्हाला बोलावून आणायची मजुरी म्हणून.

"लिहीन," मी म्हटलं. वेणीला गाठ मारली आणि उठले.

लिहीन म्हटलं होतं, ते लिहितेच आहे.

त्यानंतर त्या तीन आठवडे होत्या. दर रविवारी केस विंचरून मागायच्या. "वाजली का गं?" "नाही." खरंच वाजली नव्हती, तुम्ही करणंच सोडलं होतं. मग त्या स्वतःच रिसिव्हर उचलून उशीवर घ्यायच्या आणि त्यावर कान टेकून पडायच्या. मी काढून जागेवर ठेवायची. रिसिव्हर बाहेर राहिला की लाइन अडकते, गिऱ्हाइकांचे फोन येत नाहीत. एकदा यांना म्हणाल्या, "तुझ्या खात्याचा फोन मुका झालाय रे." हे बाहेर येऊन मला म्हणाले, "आईचा टेलिफोन बघ गं जरा." मी म्हटलं, "बघते." पुन्हा त्यांनी विचारलं नाही. या घरात कुणी मला दुसऱ्यांदा काही विचारत नाही, एकदा सांगितलं की होतं अशी सवय आहे.

अठ्ठावीस तारखेला सकाळी त्या गेल्या.

त्रास फार झाला नाही. दोन दिवस अन्न सुटलं होतं, पाणी कापसाने देत होते. डोळ्यांना काही दिसत नव्हतं. शेवटचे दोन तास तुम्हालाच हाका मारत होत्या, लहानपणीच्या नावाने. हे खाटेच्या पायथ्याशी बसून नुसते त्यांचे पाय चोळत होते. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुम्ही 'ओ' द्या ना. त्यांना काय कळणार आहे? समाधानाने जातील."

मी 'ओ' दिली नाही. खोटं मला जमत नाही. मोठ्याने प्रार्थना म्हटली, ती संपायच्या आत हाका थांबल्या.

सगळं उरकून आल्यावर हे म्हणाले, "तिला कळव." मी म्हटलं, "कळवते." मग टपालाला जायचं रोज राहून गेलं. काल तुमचं पार्सल आलं. गाऊन यांनी हातात घेतला, बटणं चाचपली आणि म्हणाले, "मेल्यावर कपडे पाठवते." त्यांना वाटतं, मी तेव्हाच कळवलं आणि तुम्ही आला नाहीत. मी तसं म्हटलेलं नाही. पण गप्प बसले. गप्प बसण्याचा हिशेब देवाकडे वेगळा आहे की खोट्यातच धरतात, मला ठाऊक नाही. विचारायचं धाडस अजून केलेलं नाही.

पहिल्या पत्राला मी उत्तर दिलं असतं तर तीन आठवडे तुम्हाला मिळाले असते. हे तुम्ही मोजालच, म्हणून मीच मोजून लिहिलं.

आता तुम्ही म्हणाल, मग आज तरी कशाला लिहिता? गेल्या एवढंच लिहून मोकळं व्हायचं होतं. मीही तसंच ठरवलं होतं. परवापर्यंत ठरवलं होतं. पण काल तुमचं दुसरं पत्र वाचलं. 'आईनं मला जाळलंस म्हटलं, ते मी जन्मभर विसरणार नाही,' असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून माझ्या अंगाची आग झाली. का नाही विसरणार? तुमचं काय आहे त्यात? लाड तुमचे झाले, माया तुम्हाला मिळाली, बाळ म्हणून मला हाक मारली तीही तुमच्यासाठी. या घरात माझं असं त्यांच्याकडून आलेलं एकच बोलणं आहे, माझ्याकडे बघून, पोटातून आलेलं. इतकी वर्षं जाळलंस. ते माझं आहे. तेवढं तुम्ही घेऊन जायचं नाही.

म्हणून खरं लिहिलं. त्यांनी तुम्हाला हाकललं नाही. त्या शेवटपर्यंत तुमची वाट बघत होत्या. याचं आता तुम्हाला ओझं होईल की हायसं वाटेल, ते मला सांगता येत नाही. मला विचाराल तर दोन्हीपैकी कशासाठीही लिहिलेलं नाही.

माफी मागत नाही. मागितली तर तुम्ही द्याल, तुमचा स्वभाव मला माहीत आहे, आणि मग मला तुमचे उपकार वागवावे लागतील.

तुमच्या दादांना यातलं काही ठाऊक नाही. तुम्ही गप्प राहिलात तर तुम्ही आईला टाकून दिलंत असं समजूनच ते जातील, आणि शपथ त्यांच्याबरोबर जाईल. तेव्हा उत्तर कुणाला द्यायचं ते तुम्हीच ठरवा. मला लिहिलंत तर ते माझ्यापाशी राहील. त्यांच्या नावाने पाठवलंत तर त्यांना अक्षर दिसत नाही, पाकीट माझ्याच हातात देतील, "वाच गं" म्हणून. मी समोर बसून वाचून दाखवीन. एक शब्द गाळणार नाही, आवाज खाली आणणार नाही. तुम्ही मला जे म्हणाल ते मीच त्यांना मोठ्याने सांगीन.

लिहायचं ते पुरतं लिहा, आणि उलट टपाली पाठवा.

तुमची,
वहिनी